गोठलेल्या पाण्यावरची मासेमारी : लेखांक ९ — मोठा वॉलआय कोठे शोधावा?

गेल्या लेखांकाच्या अखेरीस आमिषांच्या आकाराविषयी व रंगाविषयी लिहिण्याचे मी कबूल केले होते. परंतु ते प्रकरण आणखी एक आठवडा बाजूस ठेवणे भाग आहे, कारण मधल्या काळात विनिपेगला स्थायिक झालेल्या एका वाचकांचे पत्र आले असून त्यातील पृच्छेचा खुलासा झाल्याखेरीज आमिषांची सारी चर्चा अधांतरी राहील. हे गृहस्थ गेले काही हिवाळे सरहद्द ओलांडून मिनेसोटात, लेक ऑफ द वुड्सच्या दक्षिण काठी बॉडेटच्या बाजूने, बर्फावर जात आले आहेत. वॉलआय मासे त्यांना भरपूर मिळतात, घरी आनंदाने रांधून खाल्लेही जातात; पण मनात घर करून बसलेला तो एक थोर मासा काही केल्या गळाला लागत नाही, म्हणून त्यांनी विचारले आहे की आमिष बदलावे, दोर बारीक करावा, की बसण्याची वेळ बदलावी. माझे उत्तर असे की यांपैकी काहीच बदलू नये, सरोवर बदलावे.

थोर मासा म्हणजे किती, हे आधी ठरवून घेऊ. उत्तरेकडील जाणकार 30 इंच, म्हणजे 76 सेंटिमीटर लांबी, अथवा 10 पौंड, म्हणजे सुमारे साडेचार किलो वजन, ही मर्यादा मानतात. एवढ्या मापाची वॉलआय बहुधा मादीच असते, कारण नर त्या मानाने खुजा राहतो. आणि फेब्रुवारीत ती गाभोळीने भरलेली असल्याने तिचे वजन वर्षातील सर्वाधिक असते. अशी मादी तयार होण्यास अनेक वर्षे लागतात, आणि त्या वर्षांत तिने काय खाल्ले यावर सारे अवलंबून असते. सरोवरात वॉलआय किती आहेत हा प्रश्न बहुतेक जण आधी विचारतात. मी मात्र नेहमी विचारतो की त्या सरोवराच्या कोठारात काय भरले आहे.

याचे कारण सरळ आहे. वॉलआय लहान असते तेव्हा कीटकांच्या अळ्यांवर व बोटभर पर्चवर तिचे चांगले चालते. पण ती 50 सेंटिमीटरच्या पुढे गेली की असल्या किरकोळ भक्ष्यामागे धावण्यात जेवढी शक्ती खर्च व्हावी तेवढीच पदरात पडते, आणि वाढ मंदावते. पुढची मजल मारावयाची तर मोठे, मऊ काट्याचे, तेलकट मांसाचे भक्ष्य हवे : सिस्को, स्मेल्ट, गिझर्ड शॅड किंवा एलवाइफ. लेक ऑफ द वुड्समधूनही दर हिवाळ्यात काही भव्य मासे निघतात, आणि मिनेसोटा सरकारचा तेथला नियमही, की साडेएकोणीस ते 28 इंचांमधील वॉलआय परत सोडलीच पाहिजे आणि त्यावरील एकच ठेवता येते, अत्यंत विचारपूर्वक केलेला आहे. तरीही त्या पाण्याचा स्वभाव संख्येचा आहे. कुटुंबासह जाऊन दिवसभर गळ हलता ठेवावयाचा असेल तर त्याच्याइतके उत्तम स्थळ मला ठाऊक नाही.

कोठार रिकामे झाले म्हणजे काय होते, याचा पुरावा दक्षिण डाकोटातील ओआहे जलाशयाने दिला आहे. मिसूरी नदीवरच्या या धरणामागे स्मेल्ट विपुल होते आणि त्यांवर पोसलेल्या वॉलआयची कीर्ती दूरवर होती. 1997 साली, मागील हिवाळ्याच्या अतोनात बर्फामुळे, नदीला एवढे पाणी आले की धरणातून प्रचंड विसर्ग करावा लागला, आणि त्या विसर्गाबरोबर स्मेल्टचे थवेच्या थवे खाली वाहून गेले. वॉलआय जागेवर राहिल्या, त्यांची संख्या भरपूर होती. परंतु दोन-तीन वर्षांत त्या कृश झाल्या, डोके मोठे व अंग निमुळते दिसू लागले, आणि अखेर भक्षकांचा भार कमी व्हावा म्हणून मत्स्यखात्याने पकडीची मर्यादा वाढविली. त्या काळात ओआहेवर जाणाऱ्याला मासे वाटेल तेवढे मिळाले असते. मोठा मासा मात्र क्वचितच.

आता माझ्या आवडीच्या विषयाकडे वळतो, आणि वाचकांनी तो थोडा लांबला तर सोसावा, कारण या साऱ्या शास्त्रातील हे सर्वांत विलक्षण प्रकरण आहे असे मला मनापासून वाटते. एलवाइफ हा हेरिंगच्या कुळातला, मूळचा अटलांटिक समुद्राचा, हातभरही न वाढणारा रुपेरी मासा गेल्या दोन शतकांत महासरोवरांत पसरला. मोठ्या वॉलआयला याच्याइतके पौष्टिक खाद्य दुसरे नाही. परंतु हाच एलवाइफ वसंतात अंड्यांतून नुकत्याच बाहेर पडलेल्या, तांदळाच्या दाण्याएवढ्या वॉलआयच्या पिल्लांचा फन्ना उडवितो. म्हणजे जो मासा आईला पुष्ट करतो तोच तिची संतती खाऊन टाकतो; आणि या एका विरोधातून महासरोवरांतील मोठ्या वॉलआयचा सारा भूगोल उलगडतो.

ह्यूरन सरोवरातील सॅगिनॉ उपसागराचे पाहा. 2003 च्या सुमारास तेथील एलवाइफ अकस्मात कोसळले, आणि लागलीच पिल्ले जगू लागली. इतकी की मिशिगनच्या मत्स्यखात्याने वर्षानुवर्षे चालू ठेवलेले वॉलआयची पिल्ले सोडण्याचे काम 2006 मध्ये थांबविले, कारण सरोवर आपले आपण भरत होते. आज सॅगिनॉ हे वॉलआयने गजबजलेले पाणी आहे. पण दाटी झाली तशी प्रत्येकीची वाढही मंदावली. याच्या उलट, जेथे एलवाइफ टिकून आहेत आणि तरीही अधूनमधून एखाद्या वर्षाची पिढी त्यांच्या तडाख्यातून निसटते, तेथे वॉलआय थोड्या पण दांडग्या असतात. असे स्थळ म्हणजे ऑन्टारियो सरोवराच्या ईशान्येकडील क्विंटीचा उपसागर, जेथे माझे बरेच हिवाळे गेले आहेत.

हा उपसागर नकाशावर पाहिला तर ट्रेंटनपासून पूर्वेकडे निघून डेझरॉन्टोपाशी दक्षिणेस वळणारी व पिक्टनच्या पुढे पुन्हा पूर्वेस मोकळ्या सरोवराकडे जाणारी, इंग्रजी झेड अक्षरासारखी एक लांबलचक वाट दिसते. वरचा भाग उथळ व सुपीक, ज्यात ट्रेंट, मॉयरा, सॅमन आणि नापनी या नद्या येऊन मिळतात. खालचा भाग अरुंद, खोल आणि थंड. 1970 च्या दशकात येथील वॉलआय जवळजवळ संपुष्टात आली होती. मग 1977–78 च्या कडक हिवाळ्यात एलवाइफ व पांढरा पर्च मोठ्या प्रमाणावर मेले, आणि 1978 च्या वसंतात जन्मलेल्या पिढीला कोणी खाणारे उरले नाही. त्या एका पिढीने उपसागर पुन्हा वसविला. पुढे एलवाइफ परतले, तोवर त्या मासळीचा जबडा त्यांना गिळण्याएवढा झाला होता.

आजही तेथील मोठ्या माद्यांचा क्रम ठरलेला आहे. वसंतात वरच्या भागात व नद्यांच्या मुखांशी अंडी घालावयाची, उन्हाळ्यात एलवाइफच्या मागे मोकळ्या ऑन्टारियो सरोवरात निघून जावयाचे, आणि शरदाच्या अखेरीस पुन्हा उपसागरात शिरून येत्या विणीच्या दिशेने हळूहळू वर सरकत हिवाळा काढावयाचा. म्हणून बर्फावर जाणाऱ्याने आपली जागा तारखेप्रमाणे निवडावी. जानेवारीत बर्फ धरू लागला की पिक्टनची खाडी व तेथून डेझरॉन्टोपर्यंतचा लांब सरळ पट्टा, ज्याला तेथील लोक लाँग रीच म्हणतात, हा पाहण्याजोगा. फेब्रुवारी सरत आला की डेझरॉन्टोच्या वर, नद्यांच्या मुखांकडे. मात्र मार्चच्या आरंभीच तेथील वॉलआयची मुदत संपते, तेव्हा परवान्याबरोबर मिळणारा तपशील दरवर्षी नव्याने वाचावा.

याच ठिकाणी एक इशारा देणे माझे कर्तव्य आहे. उपसागर जेथे अरुंद होतो तेथे बर्फाखाली पाणी वाहते राहते आणि बर्फ दगाबाज असतो. शिवाय ग्लेनोरा आणि अ‍ॅडॉल्फसटाउन यांमधील वाहनांची फेरीबोट हिवाळाभर चालू असल्याने तिच्या मार्गावर पाणी उघडेच राहते. दहा सेंटिमीटर स्वच्छ, निळसर, नवा बर्फ माणसाच्या पायाखाली पुरेसा मानतात. दुधी बर्फ त्याच्या निम्म्या ताकदीचा धरावा, आणि गिरमिटाने दर थोड्या पावलांवर भोक पाडून तपासल्याशिवाय पुढे जाऊ नये. ईरी सरोवराची गोष्ट तर सर्वश्रुत आहे. मोठी वॉलआय संख्येनेही विपुल असणारे, सुपीक आणि शॅडने भरलेले असे दुसरे पाणी जगात विरळा. परंतु त्याचा पश्चिम भाग इतका उथळ व वाऱ्यास इतका उघडा की 7 फेब्रुवारी 2009 रोजी ओहायोच्या किनाऱ्यालगत बर्फाची विस्तीर्ण पाटी तुटून वाहू लागली, शंभरावर मच्छीमारांना हेलिकॉप्टरांनी व बोटींनी सोडवावे लागले, आणि एकाचा प्राण गेला. कित्येक हिवाळ्यांत तर तेथे चालण्याजोगा बर्फ धरतच नाही. दूरवरून सुट्टी काढून येणाऱ्याने ईरीच्या भरवशावर तिकीट काढू नये, असे माझे स्पष्ट मत आहे.

पत्रलेखकांच्या हातात मात्र याहून जवळचे साधन आहे, आणि ते सोडून ते सरहद्दीपलीकडे जातात याचे मला नवल वाटते. विनिपेग सरोवराचा दक्षिण भाग त्यांच्या घरापासून तासाभराच्या वाटेवर आहे. स्मेल्ट तेथे 1990 च्या सुमारास शिरले, दोन दशके मासळी पुष्ट करीत राहिले आणि नंतर ओसरले. सिस्को व शायनर हे मूळचे खाद्य मात्र आहे. व्यापारी जाळ्यांचा भार त्या सरोवरावर मोठा असल्यामुळे पूर्वीइतक्या थोर मासळीची हमी आज कोणी देणार नाही, तरीही हिरवट झळाळीच्या पाठीची ती भक्कम वॉलआय तेथे अजून फिरते. त्या पाण्याचा आणखी एक गुण असा की रेड नदीच्या गाळाने ते गढूळ राहते. वॉलआयच्या डोळ्यामागे प्रकाश परत फेकणारा जो पडदा असतो, त्याविषयी तिसऱ्या लेखांकात लिहिलेच आहे. त्याच्या बळावर मंद उजेडात तिला भक्ष्याहून अधिक दिसते, आणि गढूळ पाण्यात हा लाभ तिला भर दुपारीही मिळतो. क्विंटीचे पाणी 1990 च्या दशकात झेब्रा शिंपल्यांनी गाळून नितळ करून टाकले, त्यामुळे तेथे सूर्योदयाचा व सूर्यास्ताचा तासभरच खरा मोलाचा. ज्यांना दिवसाचा प्रवास करून दुपारीच परतावे लागते, त्यांनी नितळ सरोवर निवडून आपला वेळ का घालवावा?

खोलीचाही विचार स्थळ निवडतानाच झाला पाहिजे, आणि याविषयी मी अतिशय आग्रही आहे. वॉलआयच्या वायुपिशवीतील हवा तोंडावाटे चटकन बाहेर पडण्याची सोय नसते. दहा मीटरांहून खोल पाण्यातून तिला ओढून वर आणले की ती पिशवी फुगते, आतडी दाबली जातात, आणि परत सोडलेली मादी बर्फाखाली उलटी पडून मरते. लाखो अंडी पोटात बाळगणारी ती मादी पुन्हा जिवंत पाण्यात जावी अशी ज्याची इच्छा असेल, त्याने पिक्टनजवळच्या वीस-वीस मीटर खोल डोहांवर बसू नये. विनिपेगचा दक्षिण भाग त्या मानाने उथळ असल्यामुळे तेथे ही अडचण सहसा उद्भवत नाही. वर काढल्यावर मोजमाप व छायाचित्र तंबूच्या उबेत करावे, कारण उणे वीस अंशांच्या वाऱ्यात तिचे डोळे व कल्ले काही क्षणांतच गोठू लागतात.

राहता राहिला दूरचा प्रवास करू शकणाऱ्यांचा प्रश्न. सस्कॅचेवान नदीवरच्या धरणामागे निपाविनजवळ जे टोबिन सरोवर झाले, त्यातून जानेवारी 2005 मध्ये, बर्फातूनच, 18.3 पौंडांची वॉलआय निघून सस्कॅचेवान प्रांताच्या दफ्तरी विक्रम म्हणून नोंदली गेली. तेथील थंडी कठोर आणि वस्ती विरळ, पण बर्फ जाड व दीर्घकाळ टिकणारा. ज्यांना एकाच माशासाठी आठवडा खर्च करावयाचा आहे त्यांनी ते नाव ध्यानात ठेवावे. मॉन्टानातील फोर्ट पेक जलाशयात 1984 पासून सिस्को सोडण्यात आले आणि तेथील वॉलआयचे मान वाढले, हेही याच सूत्रातले. त्याविषयी स्वतंत्रपणे केव्हातरी लिहीन.

पत्रलेखकांनी यंदा एवढे करावे. ज्या सरोवराचा विचार असेल त्याच्या मत्स्यखात्याचे जाळ्यांच्या पाहणीचे वार्षिक अहवाल मागवून घ्यावेत. ते विनामूल्य मिळतात. त्यांत वॉलआयच्या संख्येचे कोष्टक सोडून वयाप्रमाणे लांबीचे कोष्टक पाहावे, आणि दहाव्या वर्षी मादी किती लांब होते ते टिपून ठेवावे. सिस्को, शॅड वा एलवाइफ यांची पिल्ले मागील दोन-तीन उन्हाळ्यांत पाहणीत आढळली की नाहीत तेही पाहावे. मग बर्फावरच्या दुकानात आमिष घेताना दुकानदाराला मोठे मासे कोठे लागतात असे न विचारता, कापलेल्या मोठ्या माशाच्या पोटात काय निघाले, असे विचारावे. पहिल्या प्रश्नाला क्वचितच खरे उत्तर मिळते, दुसऱ्याला प्रत्येक जण हौसेने उत्तर देतो. आणि पोटात जे निघाले असेल त्याच लांबीचे व त्याच झळाळीचे आमिष घ्यावे, इथपर्यंत आलो म्हणजे आमिषांचे प्रकरण पुढील आठवड्यात सुरू करण्यास आता हरकत नाही.