टाकीच्या तळाशी काय आहे?

१२ ऑक्टोबर २०२०ला सकाळी दहाच्या सुमारास मुंबई, ठाणे आणि नवी मुंबईची वीज एकाएकी गेली. लोकल जागच्या जागी थांबल्या आणि एरवी वर्षभर कोपऱ्यात उभे असलेले जनरेटर एकदम कामाला जुंपले गेले. मुंबईची वीज सहसा जात नाही, आणि गोम नेमकी तिथेच आहे. सोसायटीच्या जनरेटरमध्ये शेवटचं डिझेल कधी भरलं, हे विचारलं तर बहुधा कुणालाच सांगता येत नाही. समिती बदलते, वॉचमन बदलतो, टाकीतलं डिझेल तेच राहतं. मग कधीतरी प्रश्न निघतो, की हे दीड-दोन वर्षांचं डिझेल वापरलं तर धोका नाही ना? या प्रश्नात दोन भीती असतात. पहिली आगीची, आणि ती बरीचशी अनाठायी आहे. जुनं झाल्यामुळे डिझेल जास्त पेट घेत नाही. कायद्याने ते ‘ब’ वर्गातलं पेट्रोलियम आहे. एकही भांडं हजार लिटरपेक्षा मोठं नसेल, तर एकूण २,५०० लिटरपर्यंतच्या साठ्याला परवानाही लागत नाही. हवेशीर जागा आणि ज्वाळेपासून अंतर ही काळजी ताज्या डिझेललाही घ्यावीच लागते. दुसरी भीती इंजिनाची आहे आणि ती खरी आहे. जुनं डिझेल स्फोट घडवत नाही, ते लिफ्ट अडकलेली असताना किंवा ऑपरेशन चालू असताना जनरेटर बंद पाडतं.

मात्र डिझेलला दुधाच्या पिशवीसारखी तारीख नसते. सहा महिने ते वर्षभर, हा सर्वसाधारण ठोकताळा आहे. थंड आणि कोरड्या जागी ते त्याहून जास्त टिकतं, तापत्या जागी कमी. एकाच दिवशी एकाच पंपावर भरलेल्या दोन बॅरलांपैकी एक वर्षाने खुशाल वापरता येतं आणि दुसरं चार महिन्यांत निकामी होतं, कारण फरक वयाचा नसून सहवासाचा असतो. हवेतल्या ऑक्सिजनमुळे डिझेलमध्ये हळूहळू चिकट डिंकासारखे पदार्थ तयार होतात, रंग गडद होतो, बारीक गाळ धरतो. तापमान दहा अंशांनी वाढलं की अशा प्रक्रियेचा वेग अंदाजे दुप्पट होतो, असा ढोबळ हिशेब आहे. विदर्भातल्या मे महिन्यात उन्हात ठेवलेल्या पत्र्याच्या बॅरलचं काय होत असेल, ते यावरून ताडता येईल. तांबं, पितळ आणि जस्त या प्रक्रियेला आणखी हातभार लावतात. म्हणून जस्ताचा मुलामा दिलेला डबा दिसायला कितीही पक्का असला, तरी डिझेलसाठी नको. तरीही हे सगळं संथपणे होणारं नुकसान आहे. डिझेलचा खरा घात करतं ते पाणी.

पंपावरून चांगलं डिझेल आणून झाकण घट्ट लावलं, तर पाणी येईल कुठून, असं वाटणं साहजिक आहे. दोनशे लिटरचं बॅरल उघड्यावर उभं ठेवलेलं असतं, त्याच्याकडे जवळून पाहा. वरच्या पत्र्याला कडेने उभा काठ असतो, त्यामुळे पावसाचं पाणी तिथे ताटात साचावं तसं साचतं आणि बुचाभोवती उभं राहतं. दिवसा आतली हवा तापून फुगते आणि बुचाच्या आट्यांमधून थोडी बाहेर पडते. रात्री बॅरल निवलं की आतली हवा आकसते आणि वर साचलेलं पाणी थेंबाथेंबाने आत ओढलं जातं. बॅरल श्वास घेतं म्हणा ना! म्हणून जाणकार ते आडवं ठेवतात, तेही दोन्ही बुचं एका पातळीत डावी-उजवीकडे येतील आणि आतून डिझेलखाली बुडालेली राहतील अशा बेताने. छपराखालच्या टाकीची गोष्टही फार वेगळी नाही. अर्ध्या रिकाम्या टाकीत दमट हवा असते, गार पत्र्यावर तिचा ओलावा घामासारखा जमतो आणि ओघळून तळाशी जातो. आपल्या किनाऱ्यावर १ जून ते ३१ जुलै मासेमारी बंद असते. ऐन पावसाचे हे दोन महिने अर्धवट भरलेल्या टाकीनिशी शाकारलेल्या होडीत याहून वेगळं काही होत नाही. त्या दोन महिन्यांपुरती टाकी काठोकाठ भरून ठेवणं शहाणपणाचं, कारण आत हवा कमी तर दवही कमी.

पाणी डिझेलपेक्षा जड असल्यामुळे तळाशी बसतं आणि त्याच्या वर डिझेल उभं राहतं. या दोन थरांच्या सीमेवर बुरशी आणि जिवाणूंचा संसार सुरू होतो. त्यांना राहायला पाणी लागतं आणि खायला डिझेल. पाण्याचा पातळसा पडदाही त्यांना पुरतो. त्यातून तपकिरी-काळा, बुळबुळीत थर तयार होतो. मेकॅनिक त्याला शेवाळ म्हणतात. शेवाळाला ऊन लागतं आणि बंद टाकीत ते नसतं, तेव्हा शब्द चुकीचा आहे, पण फिल्टर उघडल्यावर जे हाताला लागतं त्याचं वर्णन याहून नेमकं होणार नाही. हे जीव आम्लं सोडतात आणि टाकीचा पत्रा आतून खातात. इंजिनाकडे जाणाऱ्या नळीचं तोंड सहसा तळापासून थोडं वर असतं, म्हणून बरेच दिवस कुणाच्या काही लक्षात येत नाही. मग एक दिवस पातळी तिथवर पोचते, फिल्टर चोंदतो आणि इंजिन धापा टाकत थांबतं.

यावर हमखास येणारा आक्षेप असा, की पूर्वी शेतावर बॅरल वर्षानुवर्षं पडून असायचं आणि पंपाचं इंजिन त्यावर बिनतक्रार चालायचं. हे खरं आहे, पण त्याचं श्रेय इंजिनाला द्यायला हवं. जुन्या संथ इंजिनाच्या नोझलमधला दाब वातावरणाच्या दोनशे पटींच्या आसपास असे. आजच्या कॉमन रेल इंजिनात तो दीड हजार पटींच्याही वर जातो आणि नोझलच्या आतले भाग काही मायक्रॉनच्या फटीने एकमेकांवर सरकतात. माणसाचा केस साधारण सत्तर मायक्रॉनचा असतो. जुनं इंजिन जो कचरा गिळून टाकायचं, तो इथे घशात अडकतो. जनरेटरसाठी १ जुलै २०२३पासून कडक प्रदूषण-निकष लागू झाल्यावर हे नाजूक तंत्र आता सोसायटीच्या आवारातही आलं आहे. काही जण दोष इंधनालाच देतात. एप्रिल २०२०पासून भारत स्टेज सहाच्या डिझेलमध्ये गंधक किलोमागे फक्त १० मिलिग्रॅम असतं, ते गेलं म्हणून डिझेल टिकत नाही, असा त्यांचा तर्क आहे. मला तो अर्धवट वाटतो, कारण गंधक काढणाऱ्या प्रक्रियेत गाळ धरणारे काही अस्थिर घटकही निघून जातात. बायोडिझेलची काळजी जास्त रास्त आहे. मानकानुसार ते सात टक्क्यांपर्यंत मिसळता येतं, ते ओलावा जास्त धरतं आणि लवकर बिघडतं. आज मिसळलं जाणारं प्रमाण कमी आहे, पण २०३०पर्यंत पाच टक्क्यांचं सरकारी उद्दिष्ट आहे.

‘आमचा जनरेटर दर आठवड्याला चालवून बघतो,’ हे दुसरं उत्तर. इंजिनासाठी ती सवय उत्तम, डिझेलसाठी जवळपास निरुपयोगी. लोड न देता दहा मिनिटं चालवलेला मध्यम जनरेटर लिटरभर डिझेल जेमतेम जाळतो. वर्षाला पन्नास लिटर धरले, तरी तीनशे लिटरची टाकी रिकामी व्हायला सहा वर्षं लागतील. वरून ताजं डिझेल ओतत राहिलं, तरी तळाचं पाणी तळाशीच राहतं. अशा ठिकाणी साठाच कमी ठेवावा आणि अधूनमधून खरा लोड देऊन तो संपवावा. टिकाऊपणा वाढवणारी रसायनं मिळतात, पण ती ताज्या डिझेलमध्ये घालायची असतात. बिघडलेलं डिझेल त्यांनी सुधारत नाही. बुरशीनाशकाने बुरशी मरते, पण तिचे अवशेष फिल्टरमध्येच येतात, म्हणून आधी टाकी साफ करावी लागते. आणि जुन्या डिझेलला ‘जोर यावा’ म्हणून त्यात पेट्रोल मिसळण्याचा उद्योग कुणीही करू नये. आगीचा जो धोका एरवी नसतो, तो तिथे खरोखर निर्माण होतो.

तपासणी सोपी आहे. टाकी दिवसभर हलवू नका. मग तळाची चावी उघडून लिटरभर डिझेल काचेच्या स्वच्छ बाटलीत घ्या, उजेडासमोर धरा आणि रात्रभर ठेवा. सकाळी ते नितळ दिसलं, तर रंग थोडा गडद असला आणि वर्ष उलटलं असलं तरी खुशाल वापरा. फक्त एक जादा फिल्टर हाताशी ठेवा. तळाला पाण्याची रेघ असेल, तर नितळ डिझेल येईपर्यंत पाणी काढून टाका आणि आठवड्याने पुन्हा पाहा. डिझेल गढूळ असेल, त्यात तंतू तरंगत असतील किंवा आंबूस, सडक्या अंड्यासारखा वास येत असेल, तर ते इंजिनात घालू नका. ते गटारात किंवा मातीतही ओतू नका. प्रदूषण नियंत्रण मंडळाची परवानगी असलेल्या पुनर्वापर करणाऱ्याकडे द्या. टाकीवर भरल्याची तारीख ठळक रंगवा, आणि पावसाळा संपला की तळाची चावी एकदा उघडून पाहा.