राजा आहे, पण राज्य करत नाही : घटनात्मक राजेशाही मुलांना कशी समजावायची?



पाचवी-सहावीच्या वर्गात लोकशाहीचा विषय निघाला की एक प्रश्न हमखास येतो. "बाई, इंग्लंडमध्ये निवडणूक होते, पंतप्रधान पण आहे, मग तिथे राजा कसा काय?" मुलांच्या डोळ्यांसमोरचा राजा चौथीच्या इतिहासातून आलेला असतो. तो घोड्यावर बसतो, किल्ले जिंकतो, न्यायनिवाडा करतो. हुकूमच न देणारा राजा त्यांना पटत नाही. आणि मोठी माणसं? ती म्हणतात, "जपान बघा, नॉर्वे बघा, डेन्मार्क बघा. राजा आहे म्हणून शिस्त आहे. आपल्याकडेही एखादा राजाच हवा होता." मुलांच्या प्रश्नापेक्षा मला या वाक्याची जास्त काळजी वाटते, कारण ते घरात बोललं जातं आणि मूल ते ऐकत असतं. म्हणून आज जरा सविस्तर लिहिते.

आधी साधी गोष्ट. घटनात्मक राजेशाही म्हणजे राष्ट्रप्रमुखाची जागा वंशपरंपरेने राजाकडे, पण कारभार मात्र लोकांनी निवडलेल्या सरकारकडे. राजा काय करू शकतो हे त्याची मर्जी ठरवत नाही, कायदा आणि रूढी ठरवतात. आपण मुलांना राष्ट्रपती 'नामधारी प्रमुख' आणि पंतप्रधान 'कार्यकारी प्रमुख' असं शिकवतो. तीच विभागणी इथे आहे. फरक इतकाच की आपल्या राष्ट्रपतींची निवड होते आणि मुदत संपते. राजाचं तसं नाही.

ब्रिटनचं उदाहरण वर्गात सगळ्यात चांगलं चालतं, कारण तिथे दाखवण्यासारखं खूप आहे. संसदेच्या अधिवेशनाच्या सुरुवातीला राजा मुकुट घालून सिंहासनावर बसतो आणि 'माझे सरकार' अमुक करील, तमुक करील असं भाषण वाचतो. त्यातला शब्द न् शब्द मंत्र्यांनी लिहिलेला असतो. सरकार बदललं की तोच राजा पुढच्या वेळी अगदी उलट धोरण तितक्याच गंभीर चेहऱ्याने वाचून दाखवतो! त्या दिवशी राजाचा दूत खासदारांना बोलवायला सामान्य लोकांच्या सभागृहाकडे जातो, तेव्हा दार त्याच्या तोंडावर आपटून बंद केलं जातं. मग तो काठीने तीनदा ठोठावतो, तेव्हा उघडतं. मुलं इथे हसतात. पण ही गंमत १६४२ सालाची आठवण आहे. पहिला चार्ल्स राजा पाच खासदारांना पकडायला सैनिक घेऊन सभागृहात शिरला होता. पुढे यादवी युद्ध झालं आणि १६४९ मध्ये त्याच राजाचा शिरच्छेद झाला. तेव्हापासून कुठलाही राजा किंवा राणी त्या सभागृहात पाऊल ठेवत नाही. संसदेने मंजूर केलेल्या विधेयकाला शेवटचा नकार दिला तो ॲन राणीने, १७०८ मध्ये. त्यानंतर तीनशे वर्षांहून जास्त काळ फक्त संमतीच. म्हणजे राजाने आपणहून मन मोठं करून सत्ता सोडली असं झालेलं नाही. ती हळूहळू, भांडून काढून घेतली गेली.

आता यात आकर्षण काय? ते आहे, हे प्रामाणिकपणे मान्य करायला हवं. सगळ्यात उंच खुर्चीवर असा माणूस बसलेला असतो ज्याला मतं मागायची नसतात. त्यामुळे देशावर प्रेम करणं आणि सत्ताधारी पक्षावर प्रेम करणं या दोन गोष्टी वेगळ्या ठेवणं तिथल्या माणसाला जरा सोपं जातं. पंतप्रधानांवर कडाडून टीका केली तरी देशाचा अपमान केला असं सहसा कुणी म्हणत नाही, कारण देशाचं प्रतीक दुसरीकडे आहे. शिवाय सातत्य. २०२२ या एकाच वर्षात ब्रिटनने तीन पंतप्रधान पाहिले. एलिझाबेथ राणीने तर सत्तर वर्षांत चर्चिलपासून लिझ ट्रस यांच्यापर्यंत पंधरा पंतप्रधान पाहिले. एवढ्या उलथापालथीत एक ओळखीचा चेहरा टिकून राहतो, याचा लोकांना आधार वाटतो. आपल्या घरातल्या आजीसारखं. ती निर्णय घेत नाही, पण ती आहे म्हणून घर घर वाटतं.

स्पेनची गोष्ट तर राजेशाहीचे समर्थक नेहमी सांगतात. २३ फेब्रुवारी १९८१ रोजी काही सशस्त्र जवान संसदेत घुसले आणि खासदारांना ओलीस धरलं. राजा हुआन कार्लोस यांनी लष्करी गणवेशात टीव्हीवर येऊन आपण लोकशाहीच्या बाजूने आहोत असं सांगितलं आणि बंड फसलं. गोष्ट खरी आहे. पण इटलीची गोष्टही सोबत सांगा. तिथल्या राजाने १९२२ मध्ये मुसोलिनीलाच पंतप्रधान केलं. पुढे काय झालं ते आपण जाणतोच. राजा वाचवेल की बुडवेल हे त्या माणसावर अवलंबून, आणि तो माणूस कोण असावा यात जनतेला विचारलेलंच नसतं.

इथेच 'नॉर्वे बघा, जपान बघा' या वाक्यातली चूक सापडते. हे देश राजामुळे चांगले चालले, असं आपण धरून चालतो. पण इटलीच्या लोकांनी १९४६ मध्ये मतदान करून राजेशाही संपवली. नेपाळमध्ये १९९० मध्ये घटनात्मक राजेशाही आली होती. ज्ञानेंद्र राजाने २००५ मध्ये सरकार बरखास्त करून कारभार स्वतःच्या हाती घेतला, लोक रस्त्यावर उतरले आणि २८ मे २००८ रोजी राजेशाहीच गेली. याउलट नॉर्वेच्या राजाला १९०५ मध्ये लोकांनी सार्वमताने पसंती देऊन बोलावलं. ज्या राजांनी सत्ता सोडली त्यांची गादी राहिली, ज्यांनी धरून ठेवली त्यांच्यातल्या कितीतरी जणांची गेली. म्हणून आज आपल्याला दिसणारे युरोपातले राजे नेमके शहाणे किंवा निरुपद्रवी तेवढेच उरलेले दिसतात. परीक्षेत पास झालेल्या मुलांचीच यादी बघून शाळेचा निकाल शंभर टक्के म्हणण्यासारखं आहे हे.

तोट्यांमध्ये लोक पहिला खर्चच मोजतात. ब्रिटनच्या राजघराण्याला २०२४-२५ मध्ये सरकारी अनुदान ८ कोटी ६३ लाख पौंड होतं आणि सुरक्षेचा खर्च त्यात धरलेला नाही. मला स्वतःला खर्चाचा मुद्दा दुय्यम वाटतो. राष्ट्रपती भवनालाही खर्च येतोच की.

जास्त मोठा तोटा असा की ज्याला 'नाही' म्हणता येत नाही तो पहारेकरी कसला? २०१९ मध्ये पंतप्रधान बोरिस जॉन्सन यांनी राणीला संसद पाच आठवडे स्थगित करण्याचा सल्ला दिला. राणीने रूढीप्रमाणे तो मानला. मग सर्वोच्च न्यायालयाच्या अकरा न्यायाधीशांनी एकमताने ती स्थगिती बेकायदा ठरवली. म्हणजे ऐन वेळी कामाला आलं ते न्यायालय, सिंहासन नव्हे.

आणि थायलंड विसरू नका. तिथेही १९३२ पासून कागदावर घटनात्मक राजेशाहीच आहे. पण राजाचा अपमान केला असं ठरलं तर कलम ११२ खाली प्रत्येक गुन्ह्याला तीन ते पंधरा वर्षं कैद होऊ शकते. नाव तेच, पण जगणं किती वेगळं! लंडनमध्ये राजाचं व्यंगचित्र काढता येतं, बँकॉकमध्ये तीच गोष्ट तुरुंगात नेऊ शकते. एखाद्या राजेशाहीत राहणं कसं असेल हे ओळखायची माझी कसोटी हीच आहे : राजावर हसता येतं का?

शिक्षक म्हणून मात्र मला आणखी एक गोष्ट टोचते. जन्म. जपानच्या सम्राटांना एकच अपत्य आहे, मुलगी. तिथल्या कायद्याने ती गादीवर बसू शकत नाही, कारण ती मुलगी आहे. ब्रिटनमध्ये मुलाला आधी हक्क देणारा नियम २०१३ च्या कायद्याने काढला, पण कॅथलिक व्यक्तीला आजही राजा होता येत नाही. आणि राजपुत्राचं तरी काय? पाळण्यात असतानाच त्याची नोकरी ठरलेली. आपण वर्गात रोज सांगतो की कुणीही काहीही होऊ शकतं. तिथे एक खुर्ची अशी आहे जी सगळ्या देशाच्या मुलांना बंद आणि एका मुलाला सक्तीची.

आपला या सगळ्याशी संबंध काय, असं मुलं विचारतील. खूप आहे. १५ ऑगस्ट १९४७ ला आपण स्वतंत्र झालो, पण २६ जानेवारी १९५० पर्यंत आपणही कागदोपत्री घटनात्मक राजेशाहीतच होतो. राजा होता सहावा जॉर्ज, आणि त्याच्या वतीने गव्हर्नर जनरल, आधी माउंटबॅटन, मग राजगोपालाचारी. दोन राष्ट्रीय सण का, या नेहमीच्या प्रश्नाचं उत्तर इथे आहे. परिपाठात मुलं उद्देशिका म्हणतात तेव्हा त्यातला 'गणराज्य' हा शब्द घाईत निघून जातो. त्याचा अर्थ एवढाच, की सर्वोच्च पद वंशाने मिळणार नाही.

वर्गात करून बघायचं असेल तर एक सोपा खेळ आहे. चिठ्ठी टाकून एका मुलाला वर्षभराचा 'वर्गराजा' करा. मंत्रिमंडळ मतदानाने निवडा. मंत्री जे लिहून देतील तेच राजाने वाचायचं आणि त्याखाली सही करायची. एखाद दिवशी मंत्र्यांना मुद्दाम अन्यायाचा नियम लिहायला सांगा, समजा खेळाच्या तासाला फक्त मुलगेच मैदानावर जातील असा. राजाने सही करायची की नाही, यावर मुलांना भांडू द्या. आपण मध्ये बोलायचं नाही.