रद्दी कागद व लाख : दोन स्वस्त वस्तूंची कला

शाळेचें वर्ष संपलें कीं प्रत्येक घरांत जुन्या वह्या, प्रश्नपत्रिका, पाकिटें आणि वर्तमानपत्रें यांचा ढीग जमतो. तो रद्दीवाल्यास देऊन थोडे पैसे हातीं येतात आणि त्यांत आणखी पैसे घालून मुलांसाठीं रंगीत जाड कागद, भेटकार्डें व शोभेचीं खोकीं विकत आणलीं जातात. ज्या वस्तूपासून हें सर्व घरीं करतां आलें असतें, तीच आपण दाराबाहेर घालवितों. विद्यार्थीमित्रांस व त्यांच्या पालकांस अशा दोन वस्तूंची ओळख करून द्यावी, एवढाच ह्या लेखाचा हेतु आहे. पहिली वस्तु रद्दी कागद. ती फुकट मिळते. दुसरी लाख, ती सुतारकामाच्या सामानाच्या दुकानांत थोडक्या पैशांत मिळते.

प्रथम कागद म्हणजे काय, तें पाहूं. कागदाचा कपटा हळूच फाडून उजेडासमोर धरला, तर फाटलेल्या कडेवर बारीक केस दिसतात. हे वनस्पतींचे तंतु होत. ते पाण्यांत सुटे होतात, आणि पाणी निघून गेल्यावर एकमेकांत गुंतून व एकमेकांस धरून बसतात. ह्या पकडीला डिंकाची गरज नसते. जवळ आलेल्या तंतूंमधील नैसर्गिक आकर्षणच पुरेसें होतें. म्हणूनच कागद भिजवून त्याचा पुन्हा कागद करतां येतो. इ. स. १०५ मध्यें चीनच्या दरबारांतील त्साइ लुन नांवाच्या अधिकाऱ्यानें कागद करण्याची रीत बादशहापुढें मांडली, तेव्हां त्याच्या सामानांत झाडाच्या सालीबरोबर चिंध्या आणि मासे धरण्याचीं जुनीं जाळीं होतीं. अर्थात् कागदाचा जन्मच टाकाऊ वस्तूंपासून झाला, असें म्हटल्यास चुकीचें होणार नाहीं.

आपल्या प्रांतासही ही विद्या परकी नाहीं. दौलताबादेजवळ कागजीपुरा नांवाचें गांव आहे. तें कागद करणाऱ्यांच्या नांवावरूनच ओळखलें जातें. पेशवाईंत जुन्नर येथील कागदही प्रसिद्ध होता. ज्या विल्यम केरी साहेबांनीं १८०५ सालीं मराठी भाषेचें व्याकरण छापलें, त्यांच्या श्रीरामपूर येथील मिशनला पुस्तकांसाठीं चांगला कागद मिळेना आणि जो मिळे तो वाळवी खाई. तेव्हां मिशनऱ्यांनीं स्वतःच कागद करण्यास आरंभ केला, आणि १८२० मध्यें त्या कामासाठीं वाफेचें यंत्र आणविलें. पुढें गिरण्यांच्या कागदानें हातकागद मागें पडला. १९३४ सालीं वर्धा येथें ग्रामोद्योग संघ स्थापन झाल्यावर तेथें ह्या धंद्यास पुन्हा चालना मिळाली, आणि १९४० सालीं पुण्यांत हातकागद संस्था निघाली.

आतां प्रत्यक्ष कृतीकडे वळूं. सुमारें ५० ग्रॅम रद्दी घ्यावी. वहीचीं पानें उत्तम. गुळगुळीत चकचकीत कागद घेऊं नये. टांचण्या व चिकटपट्ट्या काढून कागदाचे नखाएवढे तुकडे करावे आणि ते रात्रभर पाण्यांत भिजत घालावे. सकाळीं भरपूर पाणी घालून ते पाट्यावर किंवा मिक्सरमध्यें वाटावे. पातळ पिठल्यासारखा लगदा झाला म्हणजे वाटण्याचें काम पुरें झालें असें समजावें. त्याहून अधिक वाटल्यास तंतु तुटतात आणि कागद दुबळा होतो. लिहिण्यासाठीं कागद करावयाचा असल्यास लगद्यांत वाटीभर भाताची पेज मिसळावी, म्हणजे शाई पसरत नाहीं.

जुन्या पाटीची किंवा तसबिरीची १५ बाय २१ सेंटिमीटरची लांकडी चौकट घेऊन तिच्यावर मच्छरदाणीची जाळी ताणून बसवावी. रुंद घमेल्यांत पाणी घेऊन त्यांत लगदा सोडावा व हातानें ढवळावा. मग चौकट तिरपी बुडवून पाण्याखालीं सपाट करावी आणि तशीच सरळ वर उचलावी. उचलतां उचलतां ती मागें-पुढें व डावी-उजवीकडे हलकेच हलवावी. त्यानें तंतु चोहों दिशांनीं पडतात आणि कागद सर्व बाजूंनीं सारखा बळकट होतो. पाणी निथळलें कीं चौकट ओल्या मांजरपाटावर उपडी घालून मागून जुन्या फडक्यानें दाबावी. चौकट उचलल्यावर पान कापडावर राहतें. त्यावर दुसरें कापड ठेवून वजनाखालीं दाबावें आणि नंतर सावलींत वाळवावें. अशा रीतीनें ५० ग्रॅम रद्दींतून नऊ-दहा जाडसर पानें निघतात. वाळलेल्या पानावर गुळगुळीत कवडी घोटली म्हणजे त्यास तकाकी येते. पूर्वीचे कागदी हेंच काम दगडानें करीत असत. उरलेला लगदा मोरींत ओतूं नये, ती तुंबते. तो गाळून, गोळा करून वाळवून ठेवावा.

ह्याच लगद्यास आपल्या आजीबाईंच्या काळापासून दुसराही एक उपयोग ठाऊक आहे. भिजविलेली मेथी वाटून ती लगद्यांत मिसळीत व त्याचा लेप सुपास व टोपलीस देत, त्यानें फटी बुजत. त्याच युक्तीनें आपणांस वाडगा करतां येईल. एक वाडगा उपडा घालून त्यास तेलाचा हात लावावा आणि त्यावर कागदाच्या पट्ट्या खळीनें एकीवर एक चिकटवाव्या. खळ चिंचोक्यांची असल्यास फार चांगली : चिंचोके भाजून, टरफलें काढून, भिजवून बारीक वाटावे व पाण्यांत शिजवावे. एक थर उभ्या पट्ट्यांचा, दुसरा आडव्या, असे सहा-सात थर द्यावे. घाई करूं नये. वरचा थर वाळलेला दिसला तरी आंतील ओला असतो, आणि त्यास बुरशी येते. दोन-तीन दिवस वाळूं देऊन मग वाडगा सोडवावा.

परंतु कागदाचा एक शत्रु आहे, तो म्हणजे पाणी. ज्यानें कागद घडतो, त्यानेंच तो विरघळतो. त्याचें रक्षण करण्यासाठीं राळेच्या जातीचा पदार्थ हवा. पुष्कळ मुलें डिंक आणि राळ यांस एकच समजतात, कारण दोन्ही झाडांवर पाझरतात. त्यांतील भेद एका प्रयोगानें कळेल. एका बशींत बाभळीचा डिंक आणि दुसरींत लाखेचा चपडा ठेवून दोहोंवर पाणी घाला. सकाळीं डिंक विरघळून चिकट झालेला असेल. चपडा जशाचा तसा असेल. तोच चपडा स्पिरिटांत टाकला तर मात्र विरघळतो. डिंक चिकटविण्याच्या कामाचा, राळ राखण्याच्या कामाची.

लाख ही झाडाची राळ नव्हे. ती पळस, बोर, कुसुम अशा झाडांच्या कोंवळ्या फांद्यांवर राहणाऱ्या एका अतिशय लहान किड्याची आहे. तो झाडाचा रस पितो आणि आपल्या अंगाभोंवतीं राळेचें कवच उभारतो. हजारों किड्यांचीं कवचें मिळून फांदीवर जाड पापुद्रा बनतो. तो खरवडून, धुवून, वितळवून गाळला म्हणजे चपडा होतो. महाभारतांतील लाक्षागृहाची कथा सर्वांस ठाऊक आहेच. इ. स. १९५० च्या सुमारापर्यंत ग्रामोफोनच्या तबकड्या लाखेच्या करीत, आणि आजही औषधाच्या कित्येक गोळ्यांवर तिचेंच तलम पांघरूण असतें.

२० ग्रॅम चपडा १०० मिलिलिटर स्पिरिटांत घालून बाटली बंद करून रात्रभर ठेवावी व अधूनमधून हलवावी. दुसऱ्या दिवशीं तें तलम फडक्यांतून गाळून मऊ कुंचल्यानें वाडग्यावर पातळ हात द्यावा. तासाभरानें दुसरा, मग तिसरा. एक जाड हात देण्यापेक्षां तीन पातळ हात अधिक टिकाऊ होतात. हें रोगण थोडेंच करावें. पुष्कळ महिने राहिल्यास तें नीट वाळत नाहीं. स्पिरिट चटकन पेट घेतें आणि पोटांत गेल्यास विष आहे. म्हणून हें काम वडील माणसाच्या देखत, उघड्या खिडकीजवळ व चुलीपासून दूरच करावें. लाखेच्या मर्यादाही ध्यानांत ठेवाव्या : तिच्यावर ऊन पेला ठेवल्यास पांढरें वळें उमटतें, आणि पाणी फार वेळ सांचूं दिल्यास ती निस्तेज होते. हा वाडगा पेन्सिली, बटणें व सुकीं फुलें यांसाठीं आहे, आमटीसाठीं नव्हे.

हल्लीं बाजारांत ‘रेझिन’ ह्या नांवानें दोन बाटल्या मिळतात. त्यांतील द्रव ठराविक प्रमाणांत मिसळले कीं ते तापून कांचेसारखे घट्ट होतात. ही इपॉक्सी राळ होय. ती दिसते सुंदर, परंतु महाग आहे. आणि घट्ट होण्यापूर्वीं हातास लागल्यास कित्येकांच्या त्वचेस अशी बाधा जडते कीं ती पुढें जन्मभर सुटत नाहीं. लहान मुलांच्या हातीं ती मुळींच देऊं नये.

कागद, खळ आणि लाख यांचा खरा संगम पाहावयाचा असेल, तर सावंतवाडीची गंजिफा पाहावी. कागदाचे किंवा कापडाचे थर खळीनें जोडून वाटोळीं पानें कापतात, घोटतात, त्यांवर चित्रें रंगवितात आणि लाखेचा हात देतात. दशावतारी गंजिफेंत अशीं १२० पानें असतात, प्रत्येक अवताराचीं बारा. ही कला जाणणारे कारागीर हाताच्या बोटांवर मोजण्याइतके उरले असतां, १९७० नंतरच्या दशकांत शिवरामराजे भोंसले व राणी सत्त्वशीलादेवी यांनीं ती राजवाड्यांत पुन्हा उभी केली. यावरून हातची विद्या पुस्तकांत राहत नाहीं, हातांतच राहते. तो हात थांबला कीं विद्याही संपते, हें उघड आहे.

म्हणून पालकांस विनंति कीं, सुटींत एक दिवस घमेलें, जुनें कापड आणि अंगणाचा कोपरा मुलांच्या स्वाधीन करावा. पाणी सांडेल, पहिलीं दोन-चार पानें फाटतील. तीं पुन्हा घमेल्यांत टाकतां येतात, हाच ह्या कलेचा मोठा गुण आहे. पांच हजारांस जेवूं घातल्यावर प्रभूनें उरलेले तुकडे गोळा करविले, आणि त्यांच्या बारा टोपल्या भरल्या. ज्याच्यापाशीं विपुल देण्याचें सामर्थ्य होतें, त्यानेंही उरलेलें फुकट जाऊं दिलें नाहीं. मुलांनीं आपल्याच जुन्या वहीच्या कागदावर पुढील नाताळचें भेटकार्ड लिहून आजी-आजोबांस धाडलें, तर तें बाजारच्या कोणत्याही कार्डाहून अधिक दिवस जपून ठेवलें जाईल, यांत शंका नाहीं.