झाडाला उजेड किती सोसतो?



उजेड जितका अधिक तितकें झाड अधिक जोमानें वाढणार, असा आपणां सर्वांचा समज असतो. आणि तो अगदींच खोटा नाहीं. तुळशीच्या कुंडीला ऊन मिळालें नाहीं तर ती तुळस लांबट व फिकी होते, हें घरोघरीं पाहावयास मिळतें. परंतु या उजेडाला कांहीं मर्यादा आहे काय, आणि असल्यास ती कोठें आहे, हा प्रश्न आपल्याला सहसा पडत नाहीं. कारण सूर्य आपल्या हातीं नाहीं. ज्यानें झाड बंद खोलींत नेलें आणि सूर्याच्या जागीं विजेचा दिवा टांगला, त्याला मात्र हा प्रश्न पहिल्याच दिवशीं पडतो. दिवा किती तेजाचा घ्यावा, किती उंचीवर टांगावा आणि किती तास ठेवावा, हें सारें आतां त्यालाच ठरवावयाचें असतें.

या प्रश्नाचा ज्या झाडांवर बारकाईनें अभ्यास झाला आहे, त्यांत गांजाचें झाड एक आहे. म्हणून आज तेंच उदाहरण घेतों. कॅनडा देशांत औषधासाठीं या झाडाची लागवड पूर्वींपासून होत होती, आणि १७ ऑक्टोबर २०१८ पासून ती सर्वसाधारण विक्रीसाठींही कायदेशीर झाली. तेथील हिवाळा कडक, म्हणून पुष्कळशी लागवड बंद खोल्यांत, एलईडी दिव्यांखालीं होते. आपल्या देशांत मात्र १९८५ च्या अंमली पदार्थविषयक कायद्याप्रमाणें परवान्यावांचून हें झाड लावणें गुन्हा आहे. तेव्हां आजचें हें भाषण लागवडीचा पाठ नव्हे. वनस्पतीच्या प्रकृतीचा एक धडा आहे, आणि तो आपल्या खिडकींतल्या कुंडीलाही लागू पडतो.

प्रथम उजेड मोजावा कसा तें पाहूं. या कामीं आपले डोळे फार लबाड साक्षीदार आहेत. अंधारांत बाहुली मोठी होते, उन्हांत ती लहान होते; त्यामुळें रात्रीं दिव्याखालची खोली आपल्याला लख्ख वाटते. झाडाचा हिशेब निराळा आहे. प्रकाश हा सूक्ष्म कणांचा वर्षाव आहे, आणि पानाच्या उपयोगी पडणारे असे किती कण एका चौरस मीटरवर एका सेकंदांत पडतात, हें शास्त्रज्ञ मोजतात. ही संख्या प्रचंड असल्यामुळें ती ‘मायक्रोमोल’ या मापानें सांगतात. एक मायक्रोमोल म्हणजे सहावर सतरा शून्यें इतके कण! निरभ्र आकाशांतील भर दुपारच्या उन्हांत हें माप २००० च्या आसपास जातें. ज्या दिव्याखालीं आपण रात्रीं सुखानें वाचतों, तेथें तें जेमतेम पांच-सहा भरतें. आपल्याला लख्ख वाटणारी खोली झाडाच्या दृष्टीनें जवळजवळ अंधारकोठडी असते.

आतां मूळ प्रश्नाकडे येऊं. अमेरिकेंतील मिसिसिपी विद्यापीठाच्या संशोधकांनीं २००८ सालीं प्रसिद्ध केलेल्या प्रयोगांत गांजाच्या पानांवर शून्यापासून २००० मायक्रोमोलांपर्यंत उजेड सोडला आणि त्याबरोबर हवेची उष्णताही २० पासून ४० अंशांपर्यंत बदलून पाहिली. ३० अंश उष्णता आणि १५०० मायक्रोमोल उजेड या ठिकाणीं पानाचें अन्न तयार करण्याचें काम सर्वांत जोरांत चाललें. यावरून कोणी म्हणेल कीं झालें, १५०० ही मर्यादा ठरली. परंतु पुढें कॅनडांतील ग्वेल्फ विद्यापीठाच्या संशोधकांनीं २०२१ सालीं जें प्रसिद्ध केलें, त्यानें या उत्तराला एक नवी बाजू आणिली. त्यांनीं एकटें पान न पाहतां सबंध झाडें एलईडी दिव्यांखालीं फुलावर येईपर्यंत आणि पुढें काढणीपर्यंत वाढविलीं; कांहींना १२० मायक्रोमोल, तर कांहींना थेट १८०० पर्यंत उजेड दिला. एकेकटें पान तपासलें तेव्हां तें १८०० च्या पुष्कळ आधींच तृप्त झालेलें आढळलें. उत्पन्न मात्र १८०० पर्यंत सरळ रेषेंत वाढतच गेलें. १२० च्या उजेडांत चौरस मीटरला ११६ ग्रॅम फुलोरा मिळाला, तर १८०० मध्यें ५१९ ग्रॅम, म्हणजे सुमारें साडेचारपट.

पान तृप्त झालें असतां झाड भुकेलें कसें राहिलें? याचें उत्तर आपल्या पंगतींत सांपडतें. वाढपी वरच्या टोकापासून वाढत येतो. पहिल्या चार पानांवरील मंडळी ‘पुरे, पुरे’ म्हणूं लागलीं, तरी पंगतीच्या शेवटीं बसलेल्यांच्या पानांत अजून कांहींच पडलेलें नसतें. झाडाचें तसेंच आहे. शेंड्याचीं पानें तृप्त होतात. त्यांना ओलांडून आणि त्यांच्या फटींतून जो उजेड खालीं झिरपतो, त्यावर खालचीं पानें जगतात. दिवा प्रखर केला कीं शेवटच्या पंक्तीलाही वाढप पोंचतें. म्हणून एका पानाची मर्यादा ही झाडाची मर्यादा नव्हे.

मग जीं शेंड्याचीं पानें आधींच तृप्त झालीं आहेत, त्यांच्यावर पडणाऱ्या अधिक उजेडाचें काय होतें? खरी हानि तेथें संभवते. हरितद्रव्यानें पकडलेल्या शक्तीपासून साखर तयार होते. परंतु साखर करण्याचा वेग ठरलेला असतो. शक्ति त्याहून अधिक आली तर पान ती उष्णतेच्या रूपानें सोडून देतें, आणि त्यासाठीं पिवळसर रंगद्रव्यांची एक सोयच निसर्गानें केलेली आहे. ही सोय अपुरी पडली कीं उरलेली शक्ति प्राणवायूला उग्र बनविते, व तो उग्र प्राणवायु पानाच्या यंत्रणेवरच उलटतो. उजेड पकडणाऱ्या यंत्रणेंतील एक प्रथिन तर नेहमींच उजेडानें मोडत असतें आणि नेहमींच नवें घडत असतें. मोडण्याचा वेग घडण्याच्या वेगाहून वाढला म्हणजे झाडाला उजेड सोसेनासा झाला, असें समजावें. बाहेरून त्याची खूण अशी, कीं दिव्याला सर्वांत जवळचीं पानें कडांनीं वर वळतात आणि शेंडे पांढरट पडूं लागतात. नत्राची उणीव असली तर पिवळेपणा खालच्या जुन्या पानांपासून सुरू होतो. उजेडाचा जाच वरून खालीं येतो. एवढा भेद ध्यानांत ठेवला तर पुष्कळांची फसगत टळेल, कारण पान फिकें दिसलें कीं खत घालावें हीच आपली पहिली बुद्धि असते.

तेव्हां ‘किती सोसतो’ याला एका आंकड्यांत उत्तर नाहीं. तें इतर गोष्टींवर अवलंबून आहे. पहिली गोष्ट संवय. मंद उजेडांत घडलेलें पान पातळ असतें. त्याला एकदम प्रखर दिव्याखालीं आणलें तर जो उजेड थोरल्या झाडाला पोषक, तोच त्याला जाळतो. रोपवाटिकेंतलें रोप शेतांत नेण्यापूर्वीं माळी त्याला हळूहळू ऊन दाखवितो, तेंच येथें करावें लागतें. दुसरी गोष्ट हवा. बंद खोलींत झाडें कर्बाम्ल वायु संपवीत असतात, आणि तोच साखरेचा कच्चा माल आहे. मिसिसिपीच्या प्रयोगांत हा वायु बाहेरच्या हवेच्या सुमारें दुप्पट केला तेव्हां पानाचें काम जवळजवळ दीडपट झालें. कच्चा माल नसेल तर तोच उजेड ओझें होतो. तिसरी गोष्ट उष्णता. एलईडी दिव्याच्या झोतांत उष्ण किरण फार थोडे असतात. पूर्वीं सोडियमच्या दिव्याखालीं हात धरून अंतराचा अंदाज घेतां येई; एलईडीखालीं हाताला कांहींच भाजत नाहीं, आणि माणूस दिवा निःशंकपणें खालीं आणतो. हाताला थंड लागणारा तो दिवा पानाला थंड नसतो.

चौथी गोष्ट सर्वांत विलक्षण आहे, आणि ती उजेडाविषयीं नसून अंधाराविषयीं आहे. फ्रान्समध्यें ज्यूलिएं तूर्न्वा यांनीं १९१२ च्या सुमारास हेम्प, म्हणजे याच जातीचें झाड, आणि हॉप नांवाचा वेल यांवर प्रयोग करतांना पाहिलें कीं दिवस आंखूड केला असतां फुलें लवकर येतात. पुढें १९२० सालीं अमेरिकेंत गार्नर व अ‍ॅलर्ड यांनीं तंबाखू व इतर पिकांवरून हा नियम स्पष्ट केला. कांहीं जाती सोडल्या तर गांजाचें झाड रात्र लांबल्यावरच फुलतें. म्हणून त्या खोल्यांत फुलोऱ्याच्या काळीं दिवे १२ तास लावून १२ तास पूर्ण मालवितात. दिवसा १८०० मायक्रोमोलांचा मारा सोसणारें हें झाड मध्यरात्रीं कोणी साधा दिवा लावून ठेविला तर गोंधळतें, आणि फुलणें लांबवितें. त्याला पुष्कळ उजेड सोसतो. अवेळीं उजेड सोसत नाहीं.

शेवटीं हिशेब पाहूं. १८०० मायक्रोमोल उजेड १२ तास दिला तर दिवसाची बेरीज सुमारें ७८ मोल होते. उन्हाळ्याच्या निरभ्र दिवशीं सूर्य जमिनीला साठ मोलांच्या आंतबाहेर देतो. म्हणजे त्या खोलींत माणसानें सूर्यावरही ताण केली! परंतु सूर्य बिल पाठवीत नाहीं. एका ज्यूल विजेपासून अडीच मायक्रोमोल देणारा चांगला दिवा धरला, तरी एका चौरस मीटरला ७२० वॅट, म्हणजे रोज साडेआठ युनिटांहून अधिक वीज लागते. ती सारी अखेर उष्णता होते, आणि ती उष्णता बाहेर काढावयाला पुन्हां वीज लागते. अमेरिकेंतील कोलोरॅडो राज्य विद्यापीठाच्या संशोधकांनीं २०२१ सालीं मांडलेल्या हिशेबाप्रमाणें, खोलींत पिकविलेल्या एक किलो वाळल्या फुलोऱ्यामागें हवेंत जाणारे उष्णताधारक वायु, ठिकाणाप्रमाणें, २,२८३ पासून ५,१८४ किलो कर्बाम्ल वायूच्या बरोबरीचे भरतात. आणि ग्वेल्फच्या प्रयोगांत उजेड वाढवून फुलोऱ्याचें वजन वाढलें, तरी त्यांतील मुख्य औषधी द्रव्यांचें शेंकडा प्रमाण वाढलें नाहीं, हेंही ध्यानांत ठेवण्यासारखें आहे.

शाळेंत मुलाला किती अभ्यास सोसेल असें पालक विचारीत, तेव्हां मी म्हणत असें कीं, त्याला सोसेल किती आणि लागेल किती, हे दोन प्रश्न आहेत. झाडाविषयींही तेंच म्हणावेंसें वाटतें. सोसण्याची मर्यादा शोधून तेथपर्यंत दिवा नेणें, हें विज्ञानाला साधलें आहे. परंतु तेथपर्यंत नेलाच पाहिजे असें विज्ञान सांगत नाहीं; तें आपल्याला ठरवावयाचें आहे. तोंपर्यंत ज्याची कुंडी खिडकींत आहे, त्यानें दिवा विकत घेण्यापूर्वीं खिडकीचा पडदा बाजूला सारून पाहावा.