प्रकाशाबरोबर गोंगाटही वाढतो

समुद्राखालील ऑप्टिकल फायबर केबलमधून संदेश प्रकाशाच्या स्पंदनांच्या रूपाने धावतात. मात्र काच कितीही शुद्ध असली, तरी वाटेत प्रकाश क्षीण होतोच. १५५० नॅनोमीटर या तरंगलांबीला ही गळती सर्वांत कमी असते. तरीही १०० किलोमीटरनंतर मूळ प्रकाशाचा जेमतेम एक टक्का उरतो.

१९८८ साली सुरू झालेल्या टीएटी-८ या अटलांटिकपार केबलमध्ये ठिकठिकाणी बसवलेली उपकरणे प्रकाशाचे विद्युत संदेशात रूपांतर करीत आणि तो नव्याने घडवून पुन्हा प्रकाशरूपात पाठवीत. संदेश स्वच्छ होई. पण केबल एका ठरावीक वेगाला जखडली जाई.

यावरचा उपाय त्याआधी वर्षभर, १९८७ मध्ये, प्रयोगशाळेत सिद्ध झाला होता. इंग्लंडमधील साउदम्प्टन विद्यापीठात डेव्हिड पेन व सहकाऱ्यांनी एर्बियमचा अंश मिसळलेल्या फायबरचा वर्धक तयार केला. लेसरने उत्तेजित झालेले एर्बियमचे आयन येणाऱ्या प्रकाशात तशाच प्रकाशाची भर घालतात. रूपांतराचा फेरा टळला. शिवाय अनेक तरंगलांबींचे संदेश एकाच वेळी वाढवता येऊ लागले.

अडचण आहे ती इथेच. काही आयन संदेशाची वाट न पाहता आपणहून प्रकाश सोडतात. हा गोंगाट पुढील प्रत्येक वर्धकात संदेशाइतकाच वाढतो, कारण वर्धकाला दोहोंतला भेद कळत नाही. मुळातच प्रखर प्रकाश पाठवावा, तर काचेचा अपवर्तनांक किंचित बदलून संदेश विकृत होतो. वर्धक जवळजवळ बसवल्यास गोंगाट कमी साचतो. पण खर्च वाढतो. म्हणूनच लांब पल्ल्याच्या केबलची खरी कसोटी प्रकाश किती वाढवता येतो ही नसून, गोंगाट किती आवरता येतो ही आहे.