रिसॉर्टवरची संध्याकाळ आणि मुलांची सोबत

गोव्यातल्या मोठ्या रिसॉर्टांत बहुधा किड्स क्लब असतो, पण तेवढ्यावर विसंबून रात्रीच्या जेवणाचं टेबल राखून ठेवू नका. बरेच क्लब संध्याकाळी लवकर बंद होतात आणि अगदी लहान मुलांना पालकांशिवाय घेत नाहीत. वेळ आणि वयाची अट बुकिंगआधीच लेखी मागवा.

तान्ह्या किंवा लवकर झोपणाऱ्या मुलासाठी खोलीत येऊन सांभाळणारी ताई मला अधिक बरी वाटते. मूल स्वतःच्या पांघरुणात झोपतं, अर्ध्या झोपेत उचलून आणावं लागत नाही. ती रिसॉर्टची कर्मचारी आहे की बाहेरून बोलावलेली, तिची पोलिस पडताळणी झाली आहे का, हे विचारताना संकोच नको. शक्य असेल तर तिला दुपारीच बोलवा आणि तासभर तुमच्यादेखत मुलाशी खेळू द्या. नवख्या जागी नवखा चेहरा रात्री पहिल्यांदाच दिसला, तर मूल बिथरणारच.

सर्वांत मोठी काळजी पाण्याची. बुडणारं मूल बहुधा ओरडतही नाही. खोलीचं दार थेट पूलकडे उघडत असेल, तर दुसरी खोली मागा. ताईसाठी औषधाचा डोसही मिलिलिटरमध्ये कागदावर लिहून ठेवा: तापाचं पॅरासिटामॉल सिरप 5 मिलिलिटरमध्ये 120 किंवा 250 मिलिग्रॅम अशा वेगवेगळ्या ताकदीचं मिळतं, त्यामुळे ‘एक चमचा दे’ एवढंच सांगणं धोक्याचं. त्याच कागदावर तुमचा मोबाईल, खोली क्रमांक आणि आपत्कालीन क्रमांक 112 लिहा.