प्रिंट दिली, पण कुणाला?

रात्रीचे साडेअकरा. उद्या सकाळी ब्लॅक बुकचं सबमिशन. चारकोप मार्केटमधल्या झेरॉक्सवाल्यांची शटर्स कधीच खाली आलीत. घरात वाय-फाय प्रिंटर आहे, पण लॅपटॉप म्हणतोय 'ऑफलाइन'. वैतागून वाय-फायची यादी उघडता, तर 'डायरेक्ट'नं सुरू होणारी दोन नावं दिसतात. एक तुमच्या प्रिंटरचं. आणि दुसरं?

शेजारच्यांचं, दुसरं कुणाचं असणार! १९८५ साली जागतिक बँकेच्या मदतीनं मंजूर झालेल्या मुंबई नागरी विकास प्रकल्पातली ही वस्ती. म्हाडानं इथे अगदी २५ चौरस मीटरपासूनचे प्लॉट आखून दिले आणि लोकांनी त्यावर भिंतीला भिंत लावून घरं बांधली. शेजारच्या कुकरच्या शिट्ट्या मोजता येतात तिथे वाय-फाय भिंतीशी थांबेल, ही अपेक्षाच चुकीची.

हे 'डायरेक्ट' म्हणजे राउटरशिवाय फोन थेट जोडता यावा म्हणून प्रिंटर स्वतःच सोडतो ते छोटं नेटवर्क. कितीतरी मॉडेल्सवर त्याचा पासवर्ड कंपनीतूनच १२३४५६७८ असा येतो. तो कुणी बदलत नाही, कारण तो बदलायचा असतो हेच कुणी सांगत नाही. तेव्हा आधी हे करा. प्रिंटरच्या मेन्यूतून 'नेटवर्क रिपोर्ट' छापा. त्यावर आयपी ॲड्रेस असेल, बहुधा १९२.१६८नं सुरू होणारा. तो ब्राउझरमध्ये टाकलात की प्रिंटरचं स्वतःचं सेटिंग्जचं पान उघडतं. तिथे ॲडमिन पासवर्ड घाला आणि वाय-फाय डायरेक्ट वापरत नसाल तर सरळ बंद करा. काही मॉडेल्समध्ये याच पानावरून स्कॅनही करता येतं. म्हणजे कास्ट व्हॅलिडिटीचं सर्टिफिकेट काचेवर विसरून तुम्ही झोपलात, तर त्याच वाय-फायवरच्या कुणालाही ते जागेवरून न उठता मिळू शकतं. वरच्या खोलीतल्या भाडेकरूशी कनेक्शन वाटून घेतलं असेल (आपल्याकडे हे सर्रास चालतं), तर त्यांना राउटरचं गेस्ट नेटवर्क द्या. प्रिंटर मुख्य नेटवर्कवर राहू दे.

आता त्या 'ऑफलाइन'चं बघू. बऱ्याचदा प्रिंटर बिघडलेला नसतो, त्याचा पत्ता बदललेला असतो. राउटर बंद-चालू झाला की प्रिंटरला नवा आयपी मिळू शकतो आणि लॅपटॉप बिचारा जुन्या दारावर टकटक करत बसतो. राउटरच्या सेटिंग्जमध्ये प्रिंटरसाठी एक पत्ता राखून ठेवला की ही कटकट मिटते. दुसरं कारण म्हणजे विंडोजनं घरचं वाय-फाय 'पब्लिक' समजणं. मग आजूबाजूची उपकरणं लॅपटॉपला दिसेनाशी होतात. घरी ते 'प्रायव्हेट' करा. कॉलेजच्या किंवा कॅफेच्या वाय-फायवर मात्र 'पब्लिक'च हवं. यूट्यूबवर एखादा दादा सांगेल की फायरवॉल बंद कर, लगेच चालेल. चालेलही. पण नंतर ती चालू करायची आठवण कुणाला राहते?

कनेक्शन नव्याने जोडतच असाल तर दोन मिनिटं जास्त द्या, कारण खरी मेख इथे आहे. नेटवर्कवर प्रिंट पाठवायची जुनी, सोपी वाट म्हणजे पोर्ट ९१००. या पोर्टवर जे येईल ते प्रिंटर छापतो. पासवर्ड नाही, एन्क्रिप्शन नाही. २०१८ साली एका युट्यूबरच्या चाहत्यानं इंटरनेटवर उघडे पडलेले जगभरातले हजारो प्रिंटर शोधून त्यांतून स्वतःचा संदेश छापून काढला होता. लोक हसले. पण ज्या दारातून फालतू कागद आत येतो, त्याच वाटेनं तुमची मार्कशीट उघड्या पोस्टकार्डासारखी जात असते.

त्याऐवजी आयपीपीएस वापरा. वेबसाइटसाठी जसं एचटीटीपीएस, तसं प्रिंटिंगसाठी हे. पोर्ट ६३१. विंडोजमध्ये प्रिंटर हातानं जोडताना 'आयपीपी डिव्हाइस' निवडून पत्त्याची सुरुवात आयपीपीएसनं करता येते. लिनक्सवाल्यांनो, तुमच्याकडे कप्स असतं. त्याच्या क्लायंट डॉट कॉन्फ फाइलमधलं 'एन्क्रिप्शन' मुळात 'इफ रिक्वेस्टेड'वर असतं, म्हणजे समोरच्यानं मागितलं तरच. ते 'रिक्वायर्ड' करा. एखादा जुना प्रिंटर मग नकार देईल. देऊ दे, निदान कळेल तरी.

एवढ्यानं काम संपलं असं समजू नका. एन्क्रिप्शनमुळे वाटेत कुणी वाचत नाही, पण पलीकडे नेमका तुमचाच प्रिंटर आहे हे त्यातून सिद्ध होत नाही. घरगुती प्रिंटर आपलं सर्टिफिकेट स्वतःच लिहितो आणि त्यावर सहीही स्वतःच करतो. म्हणून ब्राउझर 'सुरक्षित नाही' असं ओरडतो. घरी उपाय साधा आहे. पहिल्यांदा जोडताना छापील रिपोर्टवरचा आयपी ताडून बघा. यादीत ओळखीचं नाव दिसलं म्हणून क्लिक करू नका. सप्टेंबर २०२४मध्ये कप्समधल्या काही त्रुटी जाहीर झाल्या, त्यांचं मूळ इथेच होतं. 'कप्स-ब्राउझ्ड' नावाची सेवा ६३१वर येणाऱ्या कुणाचंही 'मी प्रिंटर आहे' हे म्हणणं खरं मानत होती. असा तोतया प्रिंटर यादीत बसला आणि त्यावर तुम्ही प्रिंट दिलीत, की त्याला हव्या त्या कमांड तुमच्या मशीनवर चालू शकत होत्या. लिनक्स अपडेट केलं नसेल तर हा पेपर खाली ठेवा आणि आधी ते करा.

कॉलेजच्या लॅबमध्ये साधा प्रिंटर जोडायलाही ॲडमिन पासवर्ड का मागतात, याचा राग येतो ना? त्यात लॅब असिस्टंटचा खडूसपणा नाही. २०२१च्या उन्हाळ्यात विंडोजच्या प्रिंट स्पूलरमध्ये 'प्रिंटनाइटमेअर' नावाची त्रुटी सापडली. मायक्रोसॉफ्टनं जुलैमध्ये घाईघाईनं अपडेट दिलं आणि ऑगस्टपासून प्रिंटरचा ड्रायव्हर टाकायला ॲडमिन असणं सक्तीचं केलं. लॅबमधल्या मोठ्या मशीनवर पिन देऊन प्रिंट काढायची सोय असेल तर ती मात्र जरूर वापरा. तुम्ही मशीनपाशी उभे राहून पिन टाकेपर्यंत कागद बाहेरच येत नाही.

हे झालं घरचं आणि कॉलेजचं. झेरॉक्सच्या दुकानात यातलं एकही सेटिंग तुमच्या हातात नसतं. तिथे आपण काय करतो? ई-आधारची पीडीएफ व्हॉट्सॲपवर पाठवतो आणि ती उघडत नाही म्हटल्यावर खाली पासवर्डही टाइप करतो. नावाची पहिली चार अक्षरं आणि जन्माचं वर्ष. कुलूप आणि किल्ली एकाच पिशवीत, वर दुकानदाराला घरपोच! जिथे चालत असेल तिथे मास्क्ड आधार द्या. त्यात शेवटचे चारच आकडे दिसतात आणि ते यूआयडीएआयच्या साइटवरून डाउनलोड करता येतं. प्रिंट हातात आली की काउंटरवरून लगेच हलू नका. फाइल चॅटमधून, डाउनलोड्समधून आणि रिसायकल बिनमधून तुमच्यासमोर काढायला सांगा. मागे रांग असते, लाज वाटते. 'काका, तेवढं डिलीट करता का?' एवढंच म्हणायचं असतं. तेवढ्यात डाउनलोड्सचा फोल्डर स्क्रीनवर उघडला, तर तुमच्या आधी कुणाकुणाची आधार कार्डं तिथे पडली आहेत तेही दिसेल.